एक्केचाळीस नंबरचा दगड

दगडाला तेलाचा वास येतो असं मी सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, रिटायर झाल्यावर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण मला आलेला आहे. भर दुपारी, प्रयोगशाळेत, आणि त्या वासानं माझी झोप उडवली ती बरेच दिवस. तो किस्सा सांगायचाच आहे, पण आधी माझा धंदा काय होता ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होतो. हुद्दा सहायकाचा, काम दगड कापायचं. सोयरिकीच्या बैठकीत आमची ही "कॉलेजात असतात" एवढंच सांगायची, आणि कोणी पुढं विचारलं की चहा टाकायला उठायची. पण दगड कापणं म्हणजे खडी फोडणं नव्हे हो. हिऱ्याच्या पात्यानं दगडाची चकती काढायची, तव्यावर तापवून कोरडी करायची, काचपट्टीला चिकटवायची, आणि मग कुरुंदाच्या पुडीवर घासत बसायचं. घास, धू, बघ. पुन्हा घास. इतकी घासायची की काळाकुळकुळीत पाषाण काचेसारखा आरपार दिसला पाहिजे. केसापेक्षा पातळ. सूक्ष्मदर्शकाखाली आतले पांढरे स्फटिक राखाडी दिसले की काम झालं. पिवळट दिसले तर अजून जाड आहे. आणि एक हात जास्त फिरला तर दगडच नाहीसा, हातात नुसती काच! मी नवीन असताना एका आठवड्यात सात दगड असे गायब केले होते. पुढं मात्र इतर कॉलेजांतून लोक माझ्याकडे काप करून घ्यायला यायचे. सांगायला हरकत नाही, आता कोण मला नोकरीवरून काढतंय?

वर्षातले दोन महिने विभागातल्या लोकांबरोबर फिरतीवर जायचो. नव्वदच्या दशकात आमचं जास्त फिरणं बारामती-इंदापूर पट्ट्यात झालं. मी मूळचा सणसरकडचा, त्यामुळे आमचे विभागप्रमुख सर म्हणायचे, "शिंदेंना पाठवा, भाषा कळते." भाषा कळायची, पण लोकांना आमचं काम कळायचं नाही. हातोडी दिसली की पाणाड्या आला म्हणून गाव गोळा व्हायचं. बारामतीजवळ एका तात्यांनी तर आम्हाला जेवूखाऊ घालून बोअरची जागा दाखवायलाच लावली. मॅडम घसा कोरडा करून सांगतायत, "आम्ही पाणी बघत नाही, दगड बघतो." तात्या म्हणाले, "दगड तर मी बी बघतूय जल्मभर. तुमी पानी बघा." शेवटी मॅडमनी लाजत लाजत एक जागा दाखवली. पाणी लागलं! त्यानंतर तात्या आम्हाला वाकून नमस्कार करायचे, आणि मॅडम जीपमध्ये खाली वाकून बसायच्या.

या मॅडम म्हणजे माधुरी मॅडम. पीएच.डी. करत होत्या. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस, मला काका म्हणायच्या. बारीक अंगाच्या, पण उन्हात दहा किलो दगड पाठीवर घेऊन चालायच्या आणि वर गाणं म्हणायच्या, बेसूर. त्यांचा विषय मी त्यांच्याकडूनच शिकलो, तसाच सांगतो.

आपला हा सगळा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला हा भूखंड सरकत सरकत एका खोलवरच्या जाळावरून चालला होता. जाळ जागेवर, वरची जमीन सरकतीय. आज तो जाळ हिंदी महासागरातल्या एका बेटाखाली आहे, आपण तो कधीच मागं टाकला. पण आपण त्याच्यावर होतो तेव्हा खालून शिलारस उसळून वर आला आणि थरावर थर बसले. आता प्रश्न असा, की हा रस खालून थेट वर आला, की वाटेत कुठं थांबला? ते दगड सांगतो. भराभर थिजला की कण बारीक राहतात, डोळ्याला दिसत नाहीत. पण जमिनीच्या पोटात एखाद्या पोकळीत रस थांबला, सावकाश निवत राहिला, की त्यात खडीसाखरेसारखे मोठे स्फटिक धरतात. मग तो रस स्फटिकांसकट वर येतो. आणि त्या स्फटिकांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तर समजायचं, थांबलेल्या रसात खालून नवा, जास्त गरम रस येऊन मिसळला होता. म्हणजे जिथं कोणी कधी जाऊ शकत नाही तिथं काय झालं, ते बोटाएवढ्या काचेवर वाचता येतं. मला तर पहिल्यांदा हे कळलं तेव्हा दोन दिवस जेवणाकडे लक्ष नव्हतं, एवढा हरखलो होतो.

असे मोठ्या स्फटिकांचे थर आहेत ते घाटाकडे, जुन्नरच्या बाजूला. इंदापूरकडे कोणाला सापडले नव्हते. आणि मॅडमना सापडले. नमुना क्रमांक एक्केचाळीस, निमगाव केतकीच्या पुढं एका वस्तीवरची विहीर.

म्हणजे मला सापडले. आणि इथंच माझी लाज आहे.

आमच्या धंद्यातला पहिला नियम : सुटा दगड घ्यायचा नाही. जो कातळ जागेवर घट्ट आहे त्याचाच तुकडा घ्यायचा. त्या दिवशी मॅडम पलीकडच्या ओढ्यात होत्या आणि विहीर मी एकट्यानं बघत होतो. चाळीस फूट खोल, पायऱ्या अर्ध्यातच संपलेल्या, पुढं दोर धरून उतरायचं. वस्तीवर हाक मारली, कोणी ओ दिली नाही. निमगावचा बाजार होता त्या दिवशी. माझा गुडघा दुखत होता. विहिरीच्या कडेला विहिरीतूनच काढलेल्या दगडांचा ढीग होता, आणि ढिगाच्या माथ्यावर एक कलिंगडाएवढा काळाभोर गोटा. त्यात बोटाच्या पेराएवढे पांढरे स्फटिक! धुतल्यासारखा स्वच्छ, उन्हात लखलखतोय. बारीक छिद्रांत थोडं तांबडं होतं, ते मी गेरू धरलं. म्हटलं, ढीग विहिरीचाच, मग दगड कुठला असणार? हातोडीच्या दोन ठोक्यांत नारळाएवढा कोपरा काढला आणि पिशवीत टाकला. डायरीत जागेच्या रकान्यात मी लिहायला हवं होतं, "ढिगावरून". मी लिहिलं, "विहिरीतून, तळाजवळ". चाळीस फूट वाचवले आणि एक खोटं लिहिलं.

मॅडमनी तो दगड पाहिला आणि भर रस्त्यात नाचल्या. पुण्यात आल्यावर मी आतल्या भागाचा एक काप केला. स्फटिकांच्या कडा कुरतडलेल्या, अगदी हव्या तशा. त्यावर मॅडमचं चौथं प्रकरण उभं राहिलं : जिथं शिलारस थांबत होता अशी एक जागा पूर्वेकडे, इंदापूरच्या पोटात होती. सर खूश. परिषदेत वाचायला निबंध तयार. आठ महिने असे छान गेले. प्रबंध ऑगस्टअखेर द्यायचा होता.

जुलैत सर म्हणाले, "फोटोसाठी अजून दोन काप करा." या वेळी मी बाहेरच्या बाजूची चकती काढली. तव्यावर ठेवली आणि पाणी प्यायला गेलो. परत आलो तर खोलीभर वास. आधी वाटलं, शिपायानं डबा गरम करायला ठेवला. मग बघतो तर चकतीच्या छिद्रांतून तेल पाझरतंय आणि तेलाबरोबर तांबडं उतरतंय. बोटाला लावलं. बोट भगवं झालं. गेरू असं बोटाला चिकटत नाही, आणि गेरूत तेल नसतं. मी खेड्यातला माणूस, मला भिंगाची गरजच नव्हती. तो शेंदूर होता.

अरे देवा! म्हणजे अक्षरशः देवच फोडला होता मी.

आता बघा, गप्प बसता आलं असतं. ती चकती घासून गटारात घालवणं एका मिनिटाचं काम होतं. दुसरी बाजू कापली असती, फोटो झाले असते, मॅडम डॉक्टर झाल्या असत्या, मी पेढा खाल्ला असता. तीन दिवस मी तोच विचार केला, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी मॅडम गाणं म्हणत आत आल्या, तेच बेसूर, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मॅडम, एक्केचाळीस नंबर मी विहिरीतून काढला नव्हता."

गाणं थांबलं. "म्हणजे? काका, तुम्ही उतरला होतात ना खाली?"

"नाही. ढिगावरनं घेतला. आणि त्याला शेंदूर आहे."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या आणि चकतीकडे बघत राहिल्या. पाच वर्षांचं काम, आणि हातात उरले पाच आठवडे. मग म्हणाल्या, "दगड शेंदराचा असला तरी त्या विहिरीतला असू शकतो. विहिरीतलाच दगड उचलून देव केला असेल. भिंतीत तसा थर दिसला तर प्रकरण वाचलं. उद्या निघू." डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. मी मनातल्या मनात जेवढे देव आठवले तेवढ्यांना हात जोडले. फोडलेला सोडून, त्याच्याकडे मागायला तोंड नव्हतं.

कपाटातून एक्केचाळीस नंबरचा उरलेला तुकडा मी बरोबर घेतला. आम्ही कधीही अख्खा नमुना कापत नाही, अर्धा ठेवतो. भिंतीतल्या दगडाशी ताडून बघायला तो हवा होता.

विहिरीत या वेळी मॅडम स्वतः उतरल्या. दोर मी धरला होता. तासभर खालून हातोडीचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, मला वाटायचं सापडलं. पुन्हा सुरू व्हायचा. मग बऱ्याच वेळानं खालून हाक आली, "काका, ओढा वर." वर आल्या, तोंडावर चिखल. म्हणाल्या, "सगळा बारीक कणांचा. वरपासून खालपर्यंत. एक मोठा स्फटिक नाही." आणि ढिगावर बसून पाणी प्यायल्या. संपलं होतं. मी उगीच तो तुकडा पिशवीतून काढून हातात फिरवत बसलो.

तेवढ्यात वस्तीवरनं एक बाई आली. तिशीची, डोक्यावर गवताचा भारा. "कोन हवं?" म्हणाली, आणि तिची नजर माझ्या हाताकडे गेली. भारा धाडकन खाली पडला.

"आत्या! ओ आत्या! घावला! देवाचा कोपरा घावला!"

घरातून सासू धावत आली, मागून काठी टेकत सासरे. सून कमल, सासू कोंडाबाई, सासरे बिरूआबा. मागच्या पिढीपर्यंत मेंढरं राखणारं घर, आता ऊस आणि चार म्हशी. पुढच्या पाच मिनिटांत सगळे एकदम बोलत होते, त्यातून मला कळलं ते असं. त्यांच्या बिरोबानं गेल्या वर्षी खोळ टाकली होती. वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढून जाड कवच होतं, ते एक दिवस आपोआप निखळतं. मग ते नदीत सोडतात आणि आतला मूळ दगड धुऊन नव्यानं शेंदूर चढवतात. कोंडाबाईंनी देव रिठ्यानं धुऊन, कोणाचा पाय लागू नये म्हणून ढिगाच्या माथ्यावर उन्हात वाळत ठेवला, कमलला सांगितलं, "उन्हं कलली की आत घे," आणि बाजाराला गेल्या. कमल गवत कापायला मागच्या रानात. संध्याकाळी ती देव आणायला गेली, तर कोपरा नाही!

"घरात ही एकलीच हुती," कोंडाबाई म्हणाल्या. "म्हनली, म्या न्हाय पाडला. मग काय कावळा घिऊन गेला व्हय कोपरा?"

गुरवानं सांगितलं होतं, कोपरा मिळेपर्यंत शेंदूर चढवू नका. तेव्हापासून देव गोणपाटात गुंडाळलेला. आणि तेव्हापासून कमलला देवापाशी जायची बंदी, नैवेद्याच्या पुरणाला हात लावायची बंदी, आल्यागेल्याला तिची कहाणी सांगायची चाल. हा सगळा दगडांचा ढीग तिनं एकटीनं उपसून पुन्हा रचला होता, दोनदा. तो तुकडा शोधायला. आणि तो होता पुण्यात, आमच्या कपाटात, नंबर टाकून.

मी उभा राहिलो. "आई, हिनं पाडला नाही. मी फोडला. हातोडीनं. मला कळलं नाही देव आहे ते."

कोंडाबाईंनी माझ्या हातातला तुकडा निरखून बघितला. "आन् उरल्याला?"

"कापला."

"कापला? म्हंजी?"

मी खोटं बोलायचं सोडलं होतं. "चकत्या केल्या. घासल्या. थोडा काचेवर आहे, बाकीचं पीठ पाण्यात गेलं."

"देवाचं पीठ केलंस व्हय रं, मुडद्या!" आणि मग जे काही सुटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. माझ्या सात पिढ्या, कॉलेज, सरकार, काही सुटलं नाही. मध्येच मॅडम म्हणाल्या, "आजी, चूक माझीपण आहे," तर त्यांनाही थोडा प्रसाद मिळाला. बिरूआबा मात्र काठीवर हनुवटी टेकून गालातल्या गालात हसत होते. बायको श्वास घ्यायला थांबली तशी म्हणाले, "आगं, मूर्ती भंगती. ह्यो तांदळा हाय. न घडिवल्याला दगुड. आमच्या आज्ज्यानं उचलला तवा बी असाच हुता."

मॅडमनी मान वर केली. "कुठून उचलला, आबा?"

"जुन्नराच्या वरल्या अंगाला. मेंढरं घिऊन घाटाकडं जायाचे, तितं मुक्कामाची जागा हाय. लई वक्त बसायाचे तितं. तितला देव बरुबर आनला घोड्यावर." मग त्यांनी विचारलं, "पोरी, ह्यात एवढं बघन्यासारखं काय घावलं तुला?"

आणि त्या पोरीनं, जिचं प्रकरण तासाभरापूर्वी बुडालं होतं, मांडी घालून आबांना सगळं समजावलं. खालचा जाळ, सरकती जमीन, वाटेत थांबलेला रस, मोठे झालेले खडे. आबांनी तिचं भिंग डोळ्याला लावून स्फटिकांच्या कडा पाहिल्या आणि म्हणाले, "म्हंजी आमच्यावानीच. मुक्काम करत करत आला म्हना की." मॅडम हसल्या. त्या दिवसातलं पहिलं हसू.

प्रबंधाचं सांगून टाकतो. चौथं प्रकरण गेलं. परिषदेचा निबंध परत घेतला, सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. एक्केचाळीस नंबरपुढं मॅडमनी लिहिलं, "रद्द. दगड स्थानिक नाही. मेंढपाळांनी घाटाकडून आणलेला." मुदत वाढवून घ्यावी लागली आणि एक वर्ष जास्त लागलं. आबांनी सांगितलेल्या मुक्कामावर आम्ही जाऊन आलो. तिथं कड्यात तो थर होता, जागेवर, घट्ट. मीच चढून तुकडा काढला, गुडघा गेला खड्ड्यात. माझ्यामुळं त्यांचं वर्ष गेलं हे मला अजून लागतं. त्या म्हणतात, काका सोडा हो. सोडवत नाही.

पण त्या दुपारचं राहिलं. आबांनी गोणपाट सोडून देव बाहेर आणला. मी तुकडा जागेवर बसवला. तंतोतंत बसला, फक्त मी कापलेल्या भागाची दोन बोटं खाच राहिली. गुरवाला निरोप गेला. तो आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, खाच शेंदरानं भरा, चालंल. कोंडाबाईंनी वाटीत शेंदूर घेतला, तेल घातलं, कालवला. सगळे बसले. कमल नेहमीच्या सवयीनं दाराशी, लांब उभी होती. कोंडाबाईंनी एकदा देवाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि वाटी तिच्याकडे सरकवली.

"ये. तू भर."

कमल जागची हलली नाही. पदर खोचलेला, हात तसेच गवतानं हिरवे.

"भरते," ती म्हणाली. "आदी म्हना, म्या पाडला न्हवता."

आबांनी काठीकडे बघितलं, गुरवानं आभाळाकडे. सासू सुनेपुढं, परक्या माणसांदेखत! मला वाटलं आता वाटी भिरकावतात म्हातारी. कोंडाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग आवाज निघाला, चांगला खणखणीत, पलीकडच्या वस्तीला जाईल असा.

"न्हवता गं पाडला तू! म्याच येडी!"

कमल आली, हात धुऊन बसली, आणि दोन बोटं शेंदरात बुडवली.